निविदेत डावलले गेलात, तर पहिल्या दहा दिवसांत काय करायचे

शुक्रवारी संध्याकाळी महाटेंडर्सवर (राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर) 'तांत्रिक मूल्यमापनात अपात्र' असा शेरा दिसतो आणि सोमवारी सकाळी आर्थिक लिफाफा (भरलेल्या दरांचा) उघडायचा असतो. मधल्या दोन दिवसांत बहुतेक ठेकेदार ओळखीच्या माणसाला फोन करतात, एखाद्या पुढाऱ्याकडे जातात किंवा साहेबांना 'हायकोर्टात जातो' असे तोंडी सांगून येतात. यातल्या एकाही गोष्टीची नोंद कुठे राहत नाही. पुढे उपयोगी पडते ते त्या दोन दिवसांत तुम्ही लिहून दिलेले पत्र, त्यावरचा आवक क्रमांक आणि पोर्टलवरची वेळेसह छापलेली पाने. निविदेची भांडणे हरतात ती बहुतेक वेळा कायद्यामुळे नाही, तर उशिरामुळे आणि कागद नसल्यामुळे. म्हणून हे टिपण दिवसांच्या हिशेबाने लिहिले आहे. डोळ्यांसमोर महाराष्ट्रातले सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद आणि महापालिकांचे काम आहे.

दाद कुठे मागायची?

निविदेच्या तक्रारी ऐकणारे वेगळे न्यायाधिकरण आपल्याकडे नाही. केंद्राने २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदी विधेयक लोकसभेत मांडले होते. ते मंजूर झाले नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा व्यपगत झाले. तामिळनाडू (१९९८), कर्नाटक (१९९९) आणि राजस्थान (२०१२) यांनी आपापले कायदे केले आहेत आणि त्यांत अपिलाची सोय आहे. महाराष्ट्रात कारभार शासन निर्णयांवर चालतो. साहित्य खरेदीसाठी उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची नियमपुस्तिका आहे, बांधकामासाठी त्या त्या विभागाचे निर्णय आहेत आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे खुद्द निविदेचा दस्तऐवज. त्यात तक्रारीचे कलम असेल तर तीच तुमची पहिली पायरी आणि त्यातली मुदत हीच तुमची मुदत. कलम नसेल तर आधी संबंधित अधिकाऱ्याकडे लेखी हरकत, मग वरिष्ठ, आणि शेवटी राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका.

केंद्र सरकारच्या खात्यांना २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागू आहेत. त्यांतला नियम १७३ सांगतो की निविदेच्या अटी, प्रक्रिया किंवा नकार यांवर प्रश्न विचारण्याची सोय दस्तऐवजातच असावी आणि विचारल्यास नकाराचे कारण सांगावे. रेल्वे, संरक्षण आस्थापना यांच्याशी भांडताना हा नियम पत्रात लिहा. राज्याच्या खात्याला तो थेट लागू होत नाही. तिथे माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(घ) धरा. प्रशासकीय निर्णयाने ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना त्याची कारणे देणे हे त्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे. हे कलम फारसे कोणी वापरत नाही. वापरायला हवे.

एक मोठी गैरसोय आधीच समजून घ्या. निविदा मंजूर झाल्यावर कार्यारंभ आदेश देण्याआधी ठरावीक दिवस थांबण्याची सर्वसाधारण सक्ती आपल्याकडे नाही. सकाळी मंजुरी, दुपारी सुरक्षा ठेव, संध्याकाळी आदेश असे होऊ शकते. अपवाद जागतिक बँकेच्या पैशातून होणाऱ्या कामांचा. त्या बँकेच्या खरेदी नियमावलीत, जिथे थांबण्याचा काळ लागू आहे तिथे, कंत्राट देण्याचा इरादा कळवल्यापासून १० कामकाजाचे दिवस थांबावे लागते. नापसंत ठरलेल्याने ३ कामकाजाच्या दिवसांत खुलासा मागायचा असतो आणि तक्रार थांबण्याचा काळ संपण्याआधी द्यायची असते. कृषी संजीवनी (पोकरा) किंवा स्मार्टसारख्या प्रकल्पाची निविदा भरली असेल तर दस्तऐवजात हे कलम शोधाच. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर तांत्रिक नकारावर म्हणणे मांडण्याची खिडकी पोर्टलवरच उघडते आणि ती तासांत मोजली जाते. ती चुकली की नंतरचे पत्र फार दुबळे ठरते.

आधी आपलीच निविदा उलटी करून पाहा

हरकत लिहिण्याआधी एक तास स्वतःच्या लिफाफा क्रमांक एकवर (पात्रतेच्या कागदांवर) घालवा, तोही खात्याच्या नजरेने. बयाणा रकमेची (निविदेसोबतच्या अनामतीची) मुदत, शपथपत्राचा मुद्रांक आणि तारीख, डिजिटल स्वाक्षरी कोणाच्या नावाची, मुखत्यारपत्र, भागीदारी पत्र, जीएसटी, नोंदणी वर्गाची मुदत, समान कामाच्या दाखल्यावर कार्यकारी अभियंत्याची सही, सनदी लेखापालाच्या दाखल्यावर यूडीआयएन (त्या दाखल्याचा ओळख क्रमांक). पोर्टलवर चढवलेली फाइल पुन्हा उतरवून उघडा. घरच्या संगणकावर असलेली प्रत बरोबर आणि चढवलेली प्रत अर्धवट, हा प्रकार आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा होतो. तुमच्या निविदेत खरीच खोट असेल तर भांडण तिथेच सोडा. दुसऱ्याची निविदाही सदोष होती एवढ्यावर तुम्ही पात्र ठरत नाही, आणि खर्च मात्र पदरी पडतो.

सर्वाधिक वाद होतो तो बोली क्षमतेच्या सूत्रावर : (ए × एन × २) − बी. 'ए' म्हणजे मागच्या पाच वर्षांतल्या एका वर्षात केलेले सर्वाधिक काम, चालू दरपातळीवर आणलेले. 'एन' म्हणजे या कामाची मुदत वर्षांत. 'बी' म्हणजे हातात असलेल्या कामांपैकी त्या मुदतीत करायचे उरलेले काम. समजा ए = ४ कोटी, मुदत १८ महिने म्हणजे एन = १.५, आणि हातातली कामे ९ कोटींची, त्यांपैकी २ कोटींची देयके निघालेली. बी = ७ कोटी. क्षमता = (४ × १.५ × २) − ७ = ५ कोटी. निविदा ४.८० कोटींची असेल तर तुम्ही पात्र. पण तपासणाऱ्याने बी म्हणून पूर्ण ९ कोटी धरले तर क्षमता ३ कोटी येते आणि तुम्ही बाहेर. ही चूक कागदावर दाखवता येते, म्हणून ती भांडण्याजोगी. मात्र आधी तीन गोष्टी पाहा : निविदेत गुणक २ आहे की २.५, दरपातळीसाठी टक्का कोणता दिला आहे, आणि उरलेल्या कामाचा दाखला लिफाफ्यात खरोखर जोडला होता का. दाखला जोडलाच नसेल तर तपासणाऱ्याने ९ कोटी धरले यात त्याची चूक नाही.

लघुउद्योगांना मिळणाऱ्या सवलतीबद्दलही असाच घोळ होतो. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा केंद्राचा २०१२ चा खरेदी आदेश केंद्रीय मंत्रालये आणि उपक्रमांसाठी आहे. उद्यम प्रमाणपत्र जोडून राज्याच्या बांधकाम निविदेत बयाणा भरला नाही आणि अपात्र ठरलात, तर त्या आदेशाच्या जोरावर लढू नका. त्या निविदेत सूट लिहिलेली आहे का, एवढेच पाहा.

कोणती तक्रार टिकते

न्यायालय निविदांची पुन्हा तपासणी करत नाही. टाटा सेल्युलर खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की न्यायालय निर्णय कसा घेतला ते पाहते, निर्णय बरोबर की चूक ते नाही. जगदीश मंडल खटल्यात (२००७) दोन प्रश्न घालून दिले : प्रक्रिया कोणाला तरी झुकते माप देण्यासाठी, दुष्ट हेतूने किंवा कोणत्याही समंजस अधिकाऱ्याने केली नसती इतक्या मनमानीने झाली का? आणि सार्वजनिक हिताला बाधा येते का? दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल तर हस्तक्षेप नाही. तुमची हरकत पहिल्या ओळीपासून या दोन प्रश्नांना धरून लिहायला हवी. 'आमचा अनुभव जास्त, आमचे काम चांगले' हे वाक्य त्यात कुठेच बसत नाही.

जोरदार मुद्दे साधारण चार जातींचे असतात. पहिला, निविदा आल्यानंतर अट बदलणे. उल्हासनगर महापालिकेच्या जकात वसुलीच्या निविदेत मुदत संपल्यावर एक अट गाळली होती. मोनार्क इन्फ्रास्ट्रक्चर खटल्यात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने त्याला खेळ सुरू झाल्यावर नियम बदलणे म्हटले. दुसरा, अत्यावश्यक अट एकासाठी शिथिल करणे. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या २०१९ च्या प्रकरणात बँक हमी निविदेतल्या अटीप्रमाणे नव्हती आणि खात्याने ती चालवून घेतली. अत्यावश्यक अट माफ करण्याचा अधिकार खात्याला नाही, असा निकाल लागला. तिसरा, निविदेत नसलेल्या कारणाने अपात्र करणे. चौथा, आताच पाहिलेली उघड आकडेमोडीची चूक.

दुसऱ्या मुद्द्यावर एक धागा लक्षात ठेवा. सगळ्या अटी सारख्या नसतात. पोद्दार स्टील खटल्यात (१९९१) बयाणा रक्कम निविदेत सांगितलेल्या पद्धतीऐवजी युनियन बँकेच्या धनादेशाने दिली होती. ती दुय्यम अट आहे, खाते ती शिथिल करू शकते, असे न्यायालय म्हणाले. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या निविदेतला दोष सापडला की निविदेत त्या अटीपुढे काय लिहिले आहे ते वाचा. 'पूर्तता न केल्यास निविदा नाकारली जाईल' असे शब्द असतील तर मुद्दा भक्कम. नुसते 'जोडावे' असेल तर डळमळीत.

कमजोर मुद्दा म्हणजे अटीच्या अर्थाचा वाद. नागपूर मेट्रोच्या अॅफकॉन्स खटल्यात (२०१६) उच्च न्यायालयाने अटीचा एक अर्थ लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला : निविदा ज्याने लिहिली त्यालाच तिचा अर्थ सर्वांत चांगला कळतो. खात्याचा अर्थ तुम्हांला पटत नाही एवढे पुरत नाही. तो अर्थ हेतुपुरस्सर किंवा साफ विपरीत आहे हे दाखवावे लागते. शब्दाचे दोन अर्थ निघू शकत असतील तर निविदा भरण्याआधीच विचारून घ्या.

अटीलाच आव्हान असेल तर भरण्याआधी

'मागील तीन वर्षांत याच जिल्ह्यात काम केलेले असावे', 'अमुक कंपनीचाच डांबर प्लांट असावा' अशा अटी कोणाच्या तरी मापाने शिवलेल्या वाटतात. त्यांना विरोध करायचा तर निविदापूर्व बैठकीत आणि लेखी. बैठकीत हात वर करून बोललात, इतिवृत्तात आले नाही, तर बोललाच नाहीत असे समजा. ईमेल पाठवा, उत्तर किंवा शुद्धिपत्रक येते का पाहा, नाही आले तर निविदा सादर करण्याच्या अंतिम दिवसाआधी न्यायालयात जा. अट मान्य करून, दर भरून, हरल्यावर अटच बेकायदा म्हणणाऱ्याला न्यायालय सहसा दारात उभे करत नाही. वेळेवर गेलेल्याला मात्र मिळते : छत्तीसगडमधल्या शाळांना क्रीडासाहित्य पुरवण्याच्या निविदेत त्याच राज्यात आधी पुरवठा केलेला असण्याची अट होती. ती समान संधीच्या विरोधात आहे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केली.

पहिले ४८ तास : कागद

पोर्टलवरची तांत्रिक मूल्यमापनाची पाने, तुमच्या निविदेची पोचपावती, बोली क्रमांक, सर्व शुद्धिपत्रके, आलेले ईमेल आणि एसएमएस हे सगळे पत्त्याची ओळ, तारीख आणि वेळ दिसेल असे छापून घ्या. पोर्टलवरचा शेरा नंतर बदलू शकतो. इतर निविदाकारांचे लिफाफा एकचे कागद पाहण्याची मुभा खात्याने दिली असेल तर त्याच दिवशी उतरवून ठेवा. ज्या संगणकावरून हे केले तो आणि करणारा माणूस टिपून ठेवा, कारण इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते.

नकाराचे कारण लेखी मिळवणे हे या दोन दिवसांतले सर्वांत मोलाचे काम. मोहिंदर सिंग गिल खटल्यापासून (१९७८) कायदा स्पष्ट आहे की आदेशात जी कारणे लिहिली त्यांवरच तो उभा राहतो किंवा पडतो, मागाहून शपथपत्रात नवी कारणे जोडता येत नाहीत. म्हणजे खात्याने 'बोली क्षमता अपुरी' एवढेच लिहिले असेल तर पुढे 'यंत्रसामग्रीही नव्हती' असे म्हणताना त्याला अडचण येते. तुम्ही भांडायचे ते कारण जितके लवकर गोठेल तितके तुमच्या फायद्याचे.

हरकतीचे पत्र

पत्र दोन पानांच्या आत ठेवा. भ्रष्टाचार, संगनमत, राजकीय दबाव हे शब्द पुराव्याशिवाय लिहू नका. ते लिहिले की अधिकारी बचावात जातो आणि साधी आकडेमोडीची चूकही सुधारत नाही. सांगाडा असा :

प्रति, मा. कार्यकारी अभियंता, … विभाग.
विषय : ई-निविदा सूचना क्र. …, काम क्र. …, तांत्रिक अपात्रतेस हरकत व आर्थिक लिफाफा तूर्त न उघडण्याबाबत.
१. आम्ही वरील कामासाठी दि. … रोजी … वाजता निविदा सादर केली (जोडपत्र १, पोचपावती).
२. दि. … रोजी … वाजता पोर्टलवर 'बोली क्षमता अपुरी' या कारणाने आम्हांस अपात्र दर्शविण्यात आले (जोडपत्र २).
३. निविदेच्या पृष्ठ …, खंड … नुसार 'बी' म्हणजे मुदतीत करावयाचे शिल्लक काम. आमच्या निविदेच्या पृष्ठ … वरील दाखल्यानुसार ते ७ कोटी आहे. मूल्यमापनात ९ कोटी धरल्याचे दिसते. योग्य गणनेने क्षमता ५ कोटी येते (जोडपत्र ३, गणना).
४. विनंती : (अ) अपात्रतेचा निर्णय फेरतपासावा, (आ) निर्णय होईपर्यंत आर्थिक लिफाफा उघडू नये व कार्यारंभ आदेश देऊ नये, (इ) मूल्यमापनाचा तक्ता व समितीचे इतिवृत्त द्यावे, (ई) दि. … रोजी … वाजेपर्यंत सकारण लेखी उत्तर द्यावे.
५. आमच्या निविदेची वैधता कायम असून आवश्यक तर ती वाढवून देण्यास आम्ही तयार आहोत.

पाचवा मुद्दा लोक विसरतात. तुमची निविदा वैध राहिली नाही तर न्यायालय तुमचा लिफाफा उघडायला सांगणार कसे? वैधता वाढवण्याचे पत्र आले तर 'आमच्या हरकतीस बाधा न येता' असे लिहून होकार द्या. बयाणा रक्कम पोर्टलवरून आपोआप परत आली तर घाबरू नका. मात्र 'रक्कम परत करा' असा अर्ज स्वतःहून देऊ नका.

पत्र तीन मार्गांनी द्या : विभागीय कार्यालयात आवक शिक्का घेऊन, निविदेत दिलेल्या ईमेलवर, आणि प्रत अधीक्षक अभियंता व मुख्य अभियंत्याला. उत्तरासाठी मुदत परिस्थितीप्रमाणे ठेवा. सोमवारी लिफाफा उघडणार असेल तर 'सात दिवसांत उत्तर द्या' असे लिहिणे म्हणजे स्वतःच्या हाताने सात दिवस घालवणे.

पालिकांच्या बाबतीत आणखी एक दार आहे. मुंबई सोडून इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमाचे कलम ४५१ राज्य सरकारला ठराव किंवा आदेश निलंबित करण्याचा अधिकार देते. नगरपरिषदांसाठी १९६५ च्या अधिनियमाचे कलम ३०८ जिल्हाधिकाऱ्यांना तसा अधिकार देते. कलम ३०८ खालचा अर्ज छोट्या शहरांतल्या कामांत खरोखर उपयोगी पडतो, कारण जिल्हाधिकारी जवळ असतात आणि स्थगिती लवकर मिळू शकते. पण या अर्जाच्या भरवशावर न्यायालय लांबवू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, विषय एकच, शब्द १५०. मागा : दोन्ही लिफाफ्यांचा तुलनात्मक तक्ता, मूल्यमापन समितीचे इतिवृत्त, संबंधित टिपणी, यशस्वी निविदाकाराने पात्रतेसाठी दिलेले दाखले. 'संपूर्ण फाइल' मागितलीत तर नकार ओढवून घ्याल. खाते कलम ८(१)(घ) खाली व्यापारी गुपिताचे कारण पुढे करेल किंवा कलम ११ खाली त्रयस्थ पक्षाला नोटीस देईल आणि ३० ऐवजी ४० दिवस लागतील. म्हणूनच माहिती अधिकार हा न्यायालयाची तयारी म्हणून चालतो, न्यायालयाच्या ऐवजी नाही. माहिती येईपर्यंत थांबलो होतो, हे उशिराचे कारण म्हणून क्वचितच चालते.

उच्च न्यायालय : केव्हा आणि कसे

उशीर किती महाग पडतो याचे उदाहरण मुंबई विमानतळावरचेच आहे. १९७७ मध्ये तिथल्या उपाहारगृहाच्या निविदेत किमान पाच वर्षांच्या अनुभवाच्या नोंदणीकृत हॉटेलचालकाची अट होती आणि ती न पाळणाऱ्याला काम दिले गेले. रमणा शेट्टी खटल्यात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितले की सरकारी संस्था स्वतः घातलेल्या अटींना बांधील आहे. पुढच्या प्रत्येक निविदा खटल्यात हा निकाल येतो. तरीही त्या याचिकाकर्त्याला काहीच मिळाले नाही. निविदा एप्रिलमध्ये स्वीकारली, याचिका नोव्हेंबरमध्ये, तोवर काम मिळालेल्याने खर्च केलेला. तत्त्वावर जिंकून प्रकरण हरता येते, ते असे.

व्यवहारातले माप : आर्थिक लिफाफा उघडण्याआधी पोहोचलात तर उत्तम, स्वीकृतिपत्राआधी तर बरे, कार्यारंभ आदेशानंतर कठीण, आणि जागेवर खडी पडल्यावर फारच कठीण. पत्राला उत्तर आले नाही तरी साधारण आठ-दहा दिवसांत याचिका दाखल व्हावी.

खंडपीठ कामाच्या जिल्ह्यावरून ठरते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यासाठी पर्वरी. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांच्यासाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच. निविदेची प्रकरणे दोन न्यायमूर्तींपुढे चालतात. तातडी असेल तर वकील प्रेसिपी (लेखी विनंती) देऊन सर्क्युलेशन, म्हणजे लवकरची सुनावणी, मागतात. त्यात 'अमुक तारखेला अमुक वाजता लिफाफा उघडणार' हे पोर्टलच्या छापील पानासह दाखवावे लागते.

याचिकेत होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. सगळ्यांत घातक म्हणजे यशस्वी निविदाकाराला प्रतिवादी न करणे. त्याचे काम काढून घ्यायचे तर त्याला ऐकावेच लागेल. दुसरी, फक्त आपल्या अपात्रतेला आव्हान देणे. तोवर दुसऱ्याला आदेश निघतो आणि याचिका निरर्थक ठरते. म्हणून मागण्या तिन्ही हव्यात : अपात्रता रद्द करा, स्वीकृतिपत्र व कार्यारंभ आदेश रद्द करा, आमचा आर्थिक लिफाफा उघडून विचार करा. याचिका प्रलंबित असताना नवा आदेश निघाला तर लगेच दुरुस्ती अर्ज द्या. तिसरी चूक, तुम्ही तिसऱ्या क्रमांकावर आहात आणि फक्त पहिल्यावर हल्ला करता. दुसरा क्रमांक जागेवर असताना तुम्हांला काय मिळणार, हे पहिल्याच सुनावणीत विचारले जाईल, आणि त्याचे उत्तर याचिकेतच हवे. चौथी, काही लपवणे. जुनी काळी यादी, दंड, रद्द झालेले काम समोरचा शोधून काढतोच, आणि मग मुद्दा कितीही खरा असला तरी न्यायालयाचा विश्वास जातो.

यशस्वी ठेकेदार कॅव्हेट ('आम्हांला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये' असा अर्ज) टाकून बसलेला असण्याची शक्यता धरा. मग एकतर्फी स्थगिती मिळणार नाही, आणि याचिकेची प्रत आधी द्यावी लागेल.

स्थगिती मिळवणे आता पूर्वीपेक्षा अवघड आहे. २०१८ च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष अधिनियमात कलम २०क आणि ४१(हक) आले. पायाभूत प्रकल्पांचे काम मनाई हुकुमाने लांबू नये, हा त्यांचा गाभा. एन. जी. प्रोजेक्ट्स खटल्यात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने याच भूमिकेतून सांगितले की अशा कामांना रिटमध्येही स्थगिती टाळावी आणि तक्रारदाराला नुकसानभरपाईकडे वळवावे. आमच्या मते ही भरपाई बहुतेक ठेकेदारांसाठी कागदावरच राहते, कारण न मिळालेल्या कामाचा नफा सिद्ध करणे फार कठीण आहे. म्हणून रस्ता, पूल, पाणीपुरवठा अशा कामात सरसकट स्थगिती मागू नका. 'आमचा आर्थिक लिफाफा उघडून दर नोंदवावा' किंवा 'दिलेला आदेश याचिकेच्या निकालाच्या अधीन राहील असे नमूद करावे' असा हलका अंतरिम आदेश मागा. तुमचा दर कमी निघाला तर सार्वजनिक पैशाचा मुद्दा आपोआप तुमच्या बाजूला येतो. दुसऱ्या बाजूने, बन्शीधर कन्स्ट्रक्शन खटल्यात (२०२४) त्याच न्यायालयाने अनिवार्य अट न पाळणाऱ्याला दिलेले कोळसा खाणीचे कंत्राट रद्द केले. मोठा प्रकल्प आहे एवढ्याने मनमानी झाकली जात नाही.

खर्चाचा विचार स्वच्छ डोक्याने करा. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी संबंधित रौनक इंटरनॅशनल खटल्यात (१९९९) सांगितले आहे की स्थगिती मागणाऱ्याला विलंबाच्या खर्चाची जबाबदारी घ्यायला लावावी. यूफ्लेक्स खटल्यात (२०२१) तर हरणाऱ्यांवर समोरच्यांचा प्रत्यक्ष खर्च घातला गेला. काम ६० लाखांचे, अपेक्षित नफा ५ लाख, आणि मुद्दा अटीच्या अर्थाचा असेल तर याचिका परवडत नाही. तिथे हरकत, वरिष्ठांकडे दाद आणि माहिती अधिकार इतकेच करा.

एक प्रकरण मात्र रक्कम न पाहता लढवायचे : 'बनावट दाखला' म्हणून अपात्र केले असेल तेव्हा. कारण पुढची पायरी बयाणा जप्ती आणि काळी यादी असते, आणि तो शेरा प्रत्येक निविदेत सोबत येतो. काळ्या यादीत टाकण्याआधी कारणे दाखवा नोटीस लागते आणि तीत काळ्या यादीची कारवाई प्रस्तावित आहे हे कळलेच पाहिजे, असा गोरखा सिक्युरिटी खटल्याचा (२०१४) निकाल आहे. दाखला देणाऱ्या कार्यालयाकडून त्याच दिवशी खातरजमेचे पत्र आणा आणि नोटिशीला मुदतीत उत्तर द्या.

दर ठरवून भरले गेले असा संशय असेल, म्हणजे तिन्ही निविदांत एकसारखी टंकनचूक, एकाच आयपी पत्त्यावरून भरणा, लागोपाठ क्रमांकांचे धनाकर्ष असे काही, तर ते प्रकरण स्पर्धा अधिनियमाच्या कलम ३ खाली भारतीय स्पर्धा आयोगाकडे जाते. तिथे हे काम थांबेल या आशेने जाऊ नका. तो वेगळा आणि लांबचा रस्ता आहे.

न्यायालयाने अपात्रता रद्द केली तरी काम थेट हातात येते असे नाही. बहुतेक वेळा आदेश फेरमूल्यमापनाचा असतो, आणि कधी खाते संपूर्ण निविदाच रद्द करून फेरनिविदा काढते. त्या वेळी जुनी आणि नवी निविदा शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहा. ज्या अटीवर तुम्ही जिंकलात ती दुसऱ्या शब्दांत परत आली असेल तर निविदापूर्व बैठकीची तारीख पाहा आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडून त्याच आठवड्यात लेखी हरकत नोंदवा.